फ्रिजवरचा तक्ता

४ नोव्हेंबर

पाव भट्टीत गेले की पंचवीस मिनिटं मला कुणी हाक मारत नाही. त्या वेळात लिहायचं ठरवलं आहे. वही केकच्या ऑर्डरींची आहे, उलटी धरून मागून सुरुवात केली. नवी वही आणली असती तर ह्यांनी विचारलं असतं, हे काय नवीन खूळ.

खूळच आहे. पण सगळं लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे माझी मलाच साक्ष राहील.

भिंगरी दहा वर्षांची आहे. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं, घरात आणि खाली दुकानात ती भिंगरीच. एका जागी बसेल तर शपथ. दप्तर भरायला बसवली की पेन्सिल शोधायला उठते, पेन्सिल शोधताना खिडकीत जाते, खिडकीतून मांजर दिसतं, आणि अर्ध्या तासाने मी बघते तर दप्तर तसंच उघडं. मागच्या वर्षी डॉक्टरांनी तीनदा बोलावलं, आमच्याकडून आणि शाळेकडून लांबलचक फॉर्म भरून घेतले आणि सांगितलं, हा लक्ष न टिकण्याचा विकार आहे, मुलगी मठ्ठही नाही आणि लबाडही नाही. रोज सकाळी एक गोळी. सहा महिने दिली.

खोटं कशाला लिहू? गोळीने फरक पडला. दप्तर भरलं जाऊ लागलं. गणितात पहिल्यांदा पास झाली. पण डबा अर्धा परत येऊ लागला, वजन दोन किलोने उतरलं, आणि आंघोळ करताना ती मोठमोठ्याने गाणी म्हणायची ते बंद झालं. हे शेवटचं मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. माझी मुलगी मोरीत गात नाही, ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे?

काल आहारताई आल्या होत्या. सगळे त्यांना आहारताईच म्हणतात, कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत बसतात. बिनसाखरेच्या केकची चौकशी करत होत्या. भिंगरी काउंटरमागे फरशीवर बसून केकवर नक्षी काढायच्या कोनातलं उरलेलं क्रीम चाटत होती. ताईंना तिने निळी जीभ काढून दाखवली. ताईंनी जीभ पाहिली, फळीवरच्या माझ्या रंगांच्या बाटल्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "गोळी देऊन आग विझवताय ते ठीक आहे. पण घरात काड्या कोण टाकतंय, ते बघितलंत का?"

रांगायला लागल्यापासून ही पोर माझ्या पायात घोटाळते आहे. केकच्या कापलेल्या कडा, रंगीत क्रीम, तुटकी बिस्किटं, सगळं हिच्या पोटात. मीच भरवलं. म्हणजे हे मीच केलं.

आजपासून गोळी बंद, आहार सुरू. ताईंनी दिलेल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं आहे की औषध डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नये. असं सगळेच छापतात. खाली सही हवी होती, केली. ह्यांना सांगितलं तेव्हा हे कामावर जायची हत्यारं पेटीत भरत होते. लिफ्ट दुरुस्त करतात, कुठे कोण अडकेल सांगता येत नाही. "डॉक्टरांना विचारलंस का?" म्हणाले. मी म्हटलं, विचारलं. विचारेन या आठवड्यात.

वास येतोय. पाव!

९ नोव्हेंबर

फ्रिजवर तक्ता लावला. तारीख, काय खाल्लं, किती ग्रॅम, झोप किती, आणि शेवटचा रकाना 'लक्ष'. शून्य ते दहा. हे गुण रोज संध्याकाळी सात वाजता भिंगरीने स्वतः सांगायचे, म्हणजे तिला जबाबदारी वाटेल असं ताई म्हणाल्या.

ग्रॅम मला कुणी शिकवायला नको. ज्या म्हाताऱ्या पाववाल्याकडे मी हे काम शिकले, त्याचा एकच धडा होता. पाव बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदल. पीठ बदललंस तर यीस्टला हात लावू नकोस. दोन गोष्टी बदलल्यास तर पाव सुधारला तरी कशाने सुधारला ते कळणार नाही, आणि बिघडला तर रडत बसशील. वीस वर्षं मी तसंच करते आहे. पोरीचंही तसंच करायचं. आधी साखर, मग रंग, मग दूध, मग गहू.

आता घाई आहे म्हणून साखर, रंग आणि बाहेरचं सगळं एकदमच बंद केलं, शिवाय गोळी. पण पद्धत तीच. घाई यासाठी की जानेवारीत परीक्षा आहे. त्यात नापास झाली तर पुढच्या वर्षी याच वर्गात बसावं लागेल, असं बाईंनी बोलावून सांगितलं आहे. तिच्या सगळ्या मैत्रिणी पुढे जातील आणि ही एकटी मागे. तसं झालं तर ती खचेल. मला ती पास व्हायला हवी आहे, आणि गोळीशिवाय व्हायला हवी आहे. बास.

दुकानही बंद. म्हणजे तिच्यासाठी. तिथे हवेतसुद्धा साखर उडते.

"दुकानात यायचंच नाही?" भिंगरीने विचारलं. "मग केकवर नावं कोण लिहिणार?"

"मी लिहीन."

"तुझं अक्षर घाण आहे, आई."

खरं आहे. सात वर्षांची असल्यापासून नावं तीच लिहिते. एका मोठ्या केकवर तिने एकटीने एकशे दहा गुलाब काढले होते, सगळे एकसारखे. दीड तास. मी जेवायला तीनदा हाक मारली, पत्ताच नाही. हे मी ताईंना मुद्दाम सांगितलं, की बघा, कानाशी ओरडलं तरी हिचं लक्ष नसतं. त्यांनी लिहून घेतलं.

१७ नोव्हेंबर

आठ! काल आठ आणि आज पण आठ!

मला विश्वासच बसत नाही. पहिले दोन दिवस चिडचिड झाली, पण आता कशी शहाण्यासारखी आहे. शाळेला सुट्टी आहे त्यामुळे सकाळी घाई नाही, ओरडाआरडा नाही, दप्तर नाही. उठते, भोपळ्याच्या बिया चावत बसते, माशाच्या तेलाची कॅप्सूल तोंड वेडंवाकडं करून गिळते, खिडकीतल्या मांजराशी गप्पा मारते. आज आंघोळ करताना गात होती. मी जिन्यात पिठाचे हात घेऊन उभी राहिले आणि रडले. लाज वाटली, कारण ट्रे धुणाऱ्या मावशी खालून बघत होत्या.

गोळ्या खायच्या सोड्याच्या रिकाम्या डब्यात ओतून ठेवल्या आहेत. फेकायचा धीर होत नाही, समोर ठेवायचाही नाही.

डॉक्टरांना फोन करायचा राहिला. आता करून काय सांगायचं, तुमच्याशिवाय बरी झाली म्हणून?

मीही तिच्याबरोबर साखर सोडली आहे. दुकानाची किल्ली सापडत नाही. या महिन्यातली दुसरी.

३० नोव्हेंबर

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. तीन. दोन. तीन. दोन. काल एक.

वहीत बाईंचा निरोप: 'वर्गात सतत उठते, गणित अर्धे सोडते, आज कंपासपेटी खिडकीतून पडली (की टाकली?).' तो कंस वाचून वही तशीच मिटली.

आहारताईंकडे धावले. त्या शांत होत्या. शरीर साफ होताना आधी बिघडतं, म्हणाल्या. मग दूध बंद करायला सांगितलं, पाच दिवसांनी गहू. जस्ताच्या गोळ्या, मॅग्नेशियमची पूड. मी म्हटलं, ताई, दूध गेलं, गहू गेला, मग पोर खाणार काय? त्या म्हणाल्या, "तुम्ही पोरीला खायला घालताय की तिच्या आजाराला?"

जस्ताच्या गोळ्या घेऊन घरी आले. येताना वाटेत दवाखान्याची पाटी दिसली. रस्त्याच्या पलीकडे गेले.

९ डिसेंबर

गहू बंद होऊन चार दिवस झाले. बेकरीच्या डोक्यावर राहायचं आणि पाव खायचा नाही. पहाटे पहिला ट्रे निघाला की वास सरळ जिन्याने वर जातो. मी दाराच्या फटीत ओलं फडकं लावलं.

आज मावशींना रंगेहाथ पकडलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भिंगरी आणि खाली त्या, हातात पावाचं टोक. भिंगरीचं तोंड भरलेलं होतं. मला बघून तिने घास तसाच गिळला, चावलाही नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

मी मावशींना नाही नाही ते बोलले. माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलंत म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले.

"मेहनतीचं मला काय कळत नाही," म्हणाल्या. "पोरीला भूक लागते हो."

"भूक नाही ती, सवय आहे."

"बरं. सवय तर सवय. माझ्या पोरांना पण होती ती सवय."

संध्याकाळी सात वाजता तक्त्यासमोर उभी केली. "तीन," म्हणाली. माझा संयम सुटला. सकाळपासून उभी होते, कंबर मोडली होती. मी म्हटलं, तीन? इतकं सगळं करून तीन? नीट विचार करून सांग.

तिने नीट विचार केला. माझ्या चेहऱ्याकडे बघत केला. मग म्हणाली, "सात?"

"खरं ना?"

"हो. सात."

सात लिहिले. रागावल्याबद्दल जवळ घेतलं. पाठीची हाडं हाताला लागली, उंची वाढते आहे बहुतेक.

३ जानेवारी

जवळजवळ महिना वही हातात घेतली नाही. डिसेंबरात केकच्या ऑर्डरी इतक्या, की श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका दिवशी चार केकमध्ये साखरच घालायची विसरले, गिऱ्हाईक परत घेऊन आलं. ह्यांना हसू आवरेना. "स्वतः सोडलीस ती सोडलीस, आता गावालाही सोडायला लावतेस का?" म्हणाले. मी लहान असताना आमच्या घरी पैज लागायची, ही आज काय विसरून येणार. पण तो काही आजार नव्हता, माझा स्वभाव आहे.

खरी बातमी वेगळी आहे. आठ, आठ, नऊ, नऊ, नऊ. सलग अठरा दिवस आठच्या खाली नाही, आणि शाळा चालू असताना!

घर इतकं शांत आहे की मला खालचं पीठ मळायचं मशीन बंद झाल्यासारखं वाटतं. शाळेतून येते, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते. तासभर हलत नाही. पळापळ नाही, काही पाडणं नाही, खिडकीत जाणं नाही. मांजर येऊन ओरडून जातं. बाईंना भेटले तर त्या म्हणाल्या, "आता काही त्रास नाही तिचा. असते आपली मागच्या बाकावर." त्रास नाही! हे शब्द ऐकायला मी पाच वर्षं थांबले आहे. अभ्यासाचं विचारायचं राहून गेलं.

आंघोळीला सध्या नको म्हणते, थंडी वाजते. स्वेटर घरातही काढत नाही. शाळेचा स्कर्ट ढगळ झाला, कमरेला दोन पिना लावून दिल्या. वजन करायचं मनात होतं, पण काटा खाली दुकानात आहे आणि तिला तिथे आणायचं नाही. परीक्षा झाली की बघू.

केकवरची नावं मी लिहिते आहे. कुणी तक्रार केली नाही, पण कुणी कौतुकही करत नाही.

१२ जानेवारी

आज ह्यांना डबा सापडला. कुठल्याशा लिफ्टच्या बॅटरीची टोकं साफ करायला यांना खायचा सोडा लागतो. आमच्या घरी सोडा मागायला खाली दुकानात जातात, आज नेमके वरच्या फळीवर हात घालून बसले. डबा उघडला आणि गोळ्या हातावर घेतल्या. मोजल्या नाहीत. नुसते बघत राहिले.

"डॉक्टरांना विचारलं म्हणाली होतीस."

मी ओटा पुसत राहिले.

"दोन महिने झाले. अगं, मी ब्रेक काढून ठेवला आणि मालकाला सांगितलं की कंपनीला विचारलंय, तर मला काय म्हणतील?"

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. मी तक्त्याकडे बोट केलं. बघा, म्हटलं, हे नऊ बघा. तुमची पोर आहे, तिच्या तोंडचे आहेत. परीक्षा आठ दिवसांवर आली आहे. आता गोळी सुरू केली आणि सगळं बिघडलं तर? एवढी परीक्षा जाऊ द्या. मग म्हणाल त्या डॉक्टरकडे येते.

हे फ्रिजसमोर बराच वेळ उभे होते. भिंगरी पायरीवर बसली होती, सगळं ऐकत होती. यांनी तिला विचारलं, "काय गं, बरं वाटतं का तुला?"

"हो. नऊ," ती म्हणाली.

हे डबा फळीवर ठेवून कामाला गेले. सोडा न्यायचा विसरले.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दुपारभर कशातच लक्ष नाही, पावांचा एक अख्खा ट्रे कोळसा झाला.

२० जानेवारी

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. भिंगरी झोपली आहे, हाताला सलाईन लावलं आहे. वही कशी बरोबर आली माहीत नाही. पर्स घरी राहिली आणि वही आली.

गणिताच्या पेपरला ती बाकावरून खाली पडली. शाळेचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कोन होता. ह्यांना कळवलं आणि तशीच धावले.

डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा दोनदा पाहिला. मग जुना कागद काढला. "गोळीने दोन किलो गेले याची तुम्हाला काळजी होती ना? तेव्हापासून आणखी चार गेलेत." रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे, पण डोळ्यांच्या पापण्या उलटून त्यांनी मला दाखवल्या. आतून पांढऱ्या होत्या.

मी सगळं सांगितलं. साखर, रंग, दूध, गहू, डबा. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. डॉक्टर चिडले नाहीत. चांगलं खाणं चांगलंच आहे, म्हणाले, पण ते औषधाच्या जागी बसत नाही, आणि हे तर चांगलं खाणंही नव्हतं. भूक मेली होती तर डोस कमी करता आला असता, वेळ बदलता आली असती, दुसरं औषध देऊन बघता आलं असतं. "त्यासाठीच तर मी इथे बसतो. मला एकदा फोन का नाही केलात?"

का नाही केला? त्यांनी ताईंच्या म्हणण्याला हो म्हटलं असतं तर दोष माझ्या रंगांचा ठरला असता. नाही म्हटलं असतं तर माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नसतं. त्यांनीच मग पुढचं विचारलं.

"घरात आणखी कुणाला असा त्रास होता? विसरणं, धांदल, एका कामातून दुसऱ्यात जाणं?"

मी म्हटलं, नाही. हे माझ्याकडे बघत होते.

मग वर्गातल्या बाई पेपर घेऊन आल्या. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या होत्या. मागच्या बाकावर गप्प बसायची, मला वाटलं सुधारली, म्हणाल्या. मलाही तेच वाटलं होतं, मी त्यांना काय बोलणार? पेपरात एकही गणित नव्हतं. पानाच्या मधोमध तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं, केकवर लिहायची तसं, शेवटच्या अक्षराची शेपटी वळवून. आणि चारी कडांनी गुलाब. साध्या पेनाने काढलेले, सगळे एकसारखे, कुठे रेघ हललेली नाही. चक्कर येईपर्यंत काढत होती.

डॉक्टरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. "हे किती वेळ करू शकते ती?"

"दीड तास," मी म्हटलं. आणि मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते. ताईंना हेच सांगितलं होतं मी, तक्रार म्हणून. माझ्या पोरीचं मन जिथे लागत होतं ती एकच जागा होती, आणि मी तिथे फडकं लावलं.

संध्याकाळी ती जागी झाली. डॉक्टर तिच्या पलंगाच्या कडेला बसले, थट्टा केली, नावं लिहायला आवडतं का विचारलं.

"आवडायचं," भिंगरी म्हणाली. "पण ते बंद आहे. त्याने माझं लक्ष जातं."

"कोण म्हणालं?"

तिने सलाईनची नळी बोटाने चाचपली.

"बरं, आज कसं वाटतंय? खरं खरं सांग हं."

तिने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आई, आज किती सांगू?"

२१ जानेवारी

मरावंसं वाटतं. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

६ फेब्रुवारी

घरी येऊन दहा दिवस झाले. डॉक्टरांनी क्रम घालून दिला आहे. आधी खाणं, सगळं, पाव-दूध-अंडी-फळं. वजन दोन किलो वाढलं की मग गोळी, कमी डोसची, आणि दर पंधरवड्याला दाखवायचं. शिवाय आठवड्यातून एकदा एका बाईंकडे बसायचं, त्या काम छोट्या तुकड्यांत कसं करायचं ते शिकवतात. "एका वेळी एकच गोष्ट बदलू," डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घातली. हा धडा मला वीस वर्षांपासून पाठ होता.

परीक्षेचं ठरलं. याच वर्गात पुन्हा. मैत्रिणी भेटायला आल्या होत्या, पुढच्या वर्गाच्या सहलीबद्दल बोलत होत्या. ती ऐकत होती. ती खचेल म्हणून मी हे सगळं केलं होतं. ती रडलीही नाही. नापास झाल्याचं काही वाटायलाही आत काहीतरी लागत असेल, तेच मी काढून टाकलं आहे की काय, कोण जाणे.

आहारताईंकडे गेले होते भांडायला. त्यांनी कागदावरच्या बारीक अक्षरांखालची माझी सही काढून दाखवली. त्यांचं काही चुकलं नव्हतं म्हणायचं. सही माझीच होती.

मावशींची माफी मागितली. "पावाचं टोक देऊ का तिला?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि जिना चढून गेल्या. भिंगरीने घेतलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग घेतलं. हल्ली प्रत्येक घासाआधी बघते.

काल तिला दुकानात आणली. हातात कोन दिला, केक समोर ठेवला, नाव सांगितलं. पहिलं अक्षर झकास आलं. मग थांबली. "बरोबर येतंय का?" मी म्हटलं, छान येतंय. पुढचं अर्धं अक्षर, पुन्हा, "बरोबर येतंय का?" तीन अक्षरांत पाच वेळा. मग कोन ठेवून दिला, हात दुखतो म्हणाली. बाकीचं नाव मी माझ्या घाण अक्षरात पूर्ण केलं.

आज दुपारी तक्ता काढून टाकला. चिकटपट्टी निघता निघेना, फ्रिजचा रंगही उडाला चार कोपऱ्यांत. फाडला, चुरगाळला, भट्टीत टाकला. वाटलं, निदान एवढं तरी संपलं.

संध्याकाळी मी भांडी लावत होते. घड्याळात सात वाजले. भिंगरी पायरीवरून उठली, आत आली, फ्रिजच्या मोकळ्या दारासमोर नेहमीसारखी उभी राहिली.

"नऊ," म्हणाली.

मी ओले हात तसेच घेऊन खाली बसले, तिच्या उंचीला. म्हटलं, आता नाही सांगायचं गं ते. तक्ता गेला. आता गुण नाहीत, काही नाही. तुला जसं वाटेल तसं राहा.

ती विचारात पडली. नीट विचार केला तिने, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"मग तुला कसं कळणार, मी कशी आहे ते?"

मी हात पुसायला फडकं शोधत राहिले. ती परत जाऊन पायरीवर बसली.